गावच्या मामा तलावावर मुलांना घेऊन अख्खा दिवस पाणपक्षी बघायचेत, दिवस कसा लावू?

गुरुजी_साकोली

नमस्कार मंडळी, मी साकोली तालुक्यातल्या एका खेड्यात शाळेवर आहे. गावाला लागूनच मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव आहे, जुना मालगुजारांच्या काळातला, पाळीवर मोहाची आणि चिंचेची मोठी झाडं, पलीकडे धानाच्या बांध्या. यंदा पक्षी सप्ताहात म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबरला वर्गात चित्रं लावली, ५ ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ ला सालिम अलींचा म्हणून हा आठवडा ठरला हेही सांगितलं, पण पोरं एकच विचारून राहिली की सर, तलावावर कधी न्यायचं. तर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सातवी-आठवीच्या पंधरा-वीस मुलामुलींना घेऊन उजाडल्यापासून संध्याकाळपर्यंत तलावावरच राहायचं ठरवलंय, पालकांशी बोलून झालं, सगळे डबे घेऊन येतील.

विचारायचं असं की आपल्याच गावच्या तलावाभोवती राहावं की गाडी करून नवेगाव बांधला न्यावं? तिथे जास्त पक्षी दिसतात असं काही जण म्हणतात. दुसरं, शाळेची दुर्बीण एकच आहे, ८ बाय ४० म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, तेवढ्यात भागेल का. आणि तिसरं, बगळे, पाणकावळे, टिबुकली, वारकरी हे मला ओळखू येतात पण बदकं आली की सगळी तपकिरीच दिसतात, पुस्तकातल्या चित्रासारखं एकही दिसत नाही, मुलांनी विचारलं तर सांगू काय? जरा सविस्तर सांगा, मुलांचा दिवस भरून निघावा असं फार वाटते.

पाणकाठ_भंडारा

गुरुजी, गावचाच तलाव धरा आणि दिवसभर तिथेच राहा. नवेगाव बांध सुंदरच आहे, कोलू पाटलांनी बांधलेला, चहूकडे डोंगर, मुलांना एकदा नक्की दाखवा, पण तिथलं पाणी एवढं पसरलेलं की बदकं मधात जाऊन बसली तर ८ बाय ४० मधून नुसते ठिपके दिसतात, तिथे स्टँडवरचा स्कोप म्हणजे मोठी एकनळी दुर्बीण पाहिजे. वीस मुलं आणि एक दुर्बीण म्हटल्यावर पक्षी नुसत्या डोळ्यानेही कळले पाहिजेत आणि ते गावतलावावरच होते.

आता दिवस लावायचा तर आधी पाळ कोणत्या दिशेला आहे ते बघा. पाळीजवळ पाणी खोल, आणि जिकडून पाणी तलावात येते ते वरचं टोक उथळ. खोल पाण्यात वारकरी, लालसरी, टिबुकल्या, पाणकावळे म्हणजे बुडी मारून खाणारे. मांडीभर ते गुडघाभर पाण्यात थापट्या, तलवार बदक, चक्रांग, गडवाल, हे बुडी मारत नाहीत, मान पाण्यात घालून शेपटी वर करून खातात, म्हणून मान पुरेल तेवढ्याच पाण्यात असतात. घोटाभर पाण्यात शेकाट्या, चमचे, उघड्या चोचीचे करकोचे. आणि नुसत्या चिखलावर तुतारी, चिखल्या, धोबी. हे मुलांना आधीच फळ्यावर काढून दाखवा, पाण्याची खोली आणि त्यावर कोण, मग तलावावर गेल्यावर पोरं स्वतःच सांगतात की सर तो पक्षी तिकडे उभा आहे म्हणजे तिथे पाणी कमी आहे. मला तर ह्या एका गोष्टीतच सगळा दिवस वसूल वाटते.

दुसरं ऊन. सकाळी पूर्वेच्या काठावर उभं राहून तोंड पश्चिमेकडे, ऊन पाठीवर पाहिजे. दुपारनंतर उलट बाजूला. म्हणजे दिवसभरात तलावाला अर्धी चक्कर आपोआप होते. ऊन समोर असलं की पांढरा बगळासुद्धा काळा दिसते, तिथे ओळख पटवायच्या फंदातच पडू नका.

नोव्हेंबर संपताना आपल्याकडे साडेसहाच्या आसपास सूर्य उगवते, तुम्ही सहालाच पोचा, अंधुक असताना. रात्रभर बांध्यांमध्ये चरलेल्या अडया, म्हणजे शीळ घालणारी बदकं, तेव्हा शीळ घालत तलावावर परत येतात, थव्यामागून थवे, तो आवाज मुलांनी ऐकलाच पाहिजे. तेव्हा कोणी चालायचं नाही, सगळ्यांनी खाली बसायचं, माणूस बसला की पक्षी लवकर निवांत होते. मग आठ ते साडेदहा काठाकाठाने हळूहळू. अकरा ते दोन बदकं चोच पाठीत खुपसून झोपतात, तेव्हा जेवण, चित्रं, वहीतल्या नोंदी, आणि नजर आभाळात ठेवा कारण ऊन तापलं की भोवत्या आणि मासे पकडणारा कैकर हे शिकारी पक्षी फिरायला निघतात. दलदली भोवत्या पाण्यावरून खाली खाली उडत आला की सगळा तलाव एकदम उठते, किती बदकं होती ते तेव्हा कळते. आणि उठताना लक्ष द्या, जे सरळ वर उचललं ते उथळ पाण्यातलं बदक, जे पाण्यावर धावत धावत उठलं ते बुडी मारणारं. कैकर दिसला तर नशीब, पाय पुढे करून पाण्यात आदळते आणि मासा नेताना त्याचं डोकं पुढे धरते. साडेचारपासून पुन्हा एका जागी बसा, बगळे, पाणकावळे, शराटी रातथाऱ्याला परततात आणि चक्रांग-भुवई बदकं चरायला बाहेर निघतात, जाणारे येणारे दोन्ही एकाच वेळी.

वऱ्हाडी_दुर्बीण

राम राम गुरुजी, मी अकोल्याकडचा. पाणकाठ दादांचं सगळं खरं आहे पण मले वाटते पोरायले मोठं पाणी दाखवाच. पट्टकादंब पाह्यले का त्यायनं? डोक्यावर दोन काळे पट्टे, पांढरं डोकं, राखाडी अंग. हिमालय ओलांडून येते हा पक्षी, तिबेट, लडाख, मंगोलियाकडे घरटी करते आणि हिवाळा आपल्याकडे काढते. जीपीएस लावलेले पट्टकादंब ७ हजार मीटरच्याही वर उडताना नोंदलेत, आणि मंगोलियात मानेत पट्टा घातलेले पक्षी भारतात दिसलेत. हे ऐकून आमच्याकडचे पोट्टे डोळे मोठे करून पाहत राहतात. तो गावच्या लहान तलावावर क्वचितच उतरते, त्याले मोकळा काठ पाहिजे आणि बाजूले हिरवं वावर पाहिजे, गहू हरभरा कोवळा असला का रात्री सकाळी तिथे चरते आणि दिवसा पाण्यावर येऊन बसते. आमच्याकडे काटेपूर्णा, कापशी, आणखी बरेच प्रकल्प आहेत, तिथे चक्रवाकही असतात, सोनेरी रंगाचे, जोडीजोडीनं. म्हणून म्हणतो एखादं धरण धराच.

पाणकाठ_भंडारा

वऱ्हाडी भाऊ, पट्टकादंबाचं तुमचं म्हणणं मान्य, पण महिना बघा. नोव्हेंबरच्या शेवटी धरणं काठोकाठ भरलेली असतात, पाणी थेट झुडपांना टेकलेलं, चिखलाचा काठ उघडाच पडलेला नसते. रब्बीला पाणी सोडलं की पातळी उतरते आणि मग जानेवारी-फेब्रुवारीत तिथे खरी मजा येते. आमच्या मामा तलावांचं उलटं आहे. धान निसवताना पाऊस दगा देते तेव्हा शेवटचं पाणी तलावातूनच घ्यावं लागते, म्हणून नोव्हेंबरपर्यंत वरच्या टोकाला पाणी मागे सरकलेलं असते आणि ओला चिखल उघडा पडते, त्यात किडे, शिंपले, गोगलगाई, गवताचं बी, पक्ष्यांना आणखी काय पाहिजे. तलाव लहान मोठा हे मी दुसऱ्या नंबरवर धरतो, पाणी किती उतरलं हे पहिल्या. गुरुजींनी शनिवारी जाऊन वरचं टोक एकदा बघून यावं, चिखल उघडा दिसला तर डोळे मिटून तोच तलाव. आणि जानेवारीत मुलांना धरणावर न्या, तेव्हा पट्टकादंब दाखवा.

डोंगा_जाळं

गुरुजी जी, आमी ढिवर, बाजूच्या तालुक्यातले. आमच्या गावच्या तलावाची लीज आमच्या मच्छीमार संस्थेकडे आहे म्हणून सांगतो, तुमच्या गावच्या संस्थेच्या अध्यक्षाले आधी भेटा. त्या रविवारी मोठं जाळं ओढायचं असलं तर पाखरं सकाळीच उठून जातात मग तुमाले काहीच दिसणार नाई. ह्याच दिवसात शिंगाडेही काढून राहतात, डोंगे पान्यात असतात, पण एकटा डोंगा हळू फिरला तर पाखरं फारशी भेत नाईत, त्यायले सवय असते. उलट डोंग्यातल्या माणसाले विचारा, कोणती पाखरं कुठं बसतात हे तो रोज पाहते, तुमच्या दुर्बिणीपेक्षा त्याचं सांगणं पक्कं निघंल. पोरायले त्याच्याशी बोलू द्या.

चालायचं तर पाळीवरून नाई तर धुऱ्यावरून चाला. वरच्या टोकाचा चिखल वरून वाळल्यासारखा दिसते पण पाय मांडीपर्यंत जाते, लहान पोरायले तिकडे सोडू नका. लाखोळी म्हणजे लाखेची डाळ पेरली असंल तर त्या बांधीतून जाऊ नका, धान उभा असतानाच टाकतात ती आमच्याकडे, आता कोवळी असंल, कास्तकार रागावते आणि बरोबरच आहे त्याचं.

अजून एक बोलतो. तलावात देवधान म्हणजे रानटी धान, कमळ, पान्याखालचं गवत जिथं आहे तिथंच पाखरं आहेत आणि तिथंच मरळ, शिंगी हे आपले गावठी मासेही आहेत. जिथं बेशरमाची झुडपं माजली तिथं दोन्ही नाई. गाळ काढताना मशीन लावून सगळा तलाव सारखाच खोल करून ठेवतात, काठ उभा कापतात, मग दोन-चार वर्ष तिथं ना गवत येते ना पाखरू बसते, आणि मासा अंडी घालायले उथळ जागा शोधत फिरते. खोल पाळीकडे करा, वरचं टोक तसंच राहू द्या, एवढंच आमचं म्हणणं असते. पोरायनं हे पाहून ठेवलं तर उद्या ग्रामसभेत तेच बोलतील.

पाणकाठ_भंडारा

डोंगा भाऊ, एकेक शब्द खरा. हे तलाव खोदणारे कोहळी, राखणारे ढिवर आणि त्याच्या पाण्यावर पिकवणारे कास्तकार, १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले, पण रोजचं ज्ञान गावातच राहिलं. गुरुजी, शक्य असेल तर डोंगेवाल्या काकांना तासभर मुलांसोबत बसवाच.

तुतारी_नागपूर

गुरुजी, मी बदकांचं सांगते, कारण हा प्रश्न मला प्रत्येक नव्या माणसाकडून येतो आणि उत्तर छान आहे. नोव्हेंबरात बरेच नर सुद्धा तपकिरीच दिसतात! घरटी झाल्यावर नराची उडायची पिसं एकदमच गळतात, काही आठवडे त्याला उडताच येत नाही, तेव्हा लपायला म्हणून तो मादीसारखा मळकट वेष घेतो, आणि नवा रंग हळूहळू भरतो. आपल्याकडे पोचतात तेव्हा बरेच नर अर्धवट रंगात असतात, थापट्या आणि भुवई बदक तर फार उशिरा रंगतात. म्हणजे पुस्तकातलं चित्र जानेवारीतलं आहे आणि तुम्ही बघताय नोव्हेंबरातलं बदक. मुलांना सांगा रंग सोडा आणि चोच, डोकं, शेपटी बघा.

थापट्याची चोच सगळ्यात सोपी, टोकाला रुंद चपटी, थापीसारखी, चोच पाण्यावर टेकवून गोल गोल फिरत राहतो, लांबूनही कळतो. तलवार बदक बारीक अंगाचं, मान लांब, चोच राखाडी, शेपटी टोकदार. चक्रांग पाहुण्या बदकांत सगळ्यात लहान, चेहरा साधा, पंखात हिरवा चौकोन चमकतो. भुवई बदक त्याच्याएवढंच पण मादीच्याही चेहऱ्यावर पट्टे असतात, डोळ्यावरून एक फिकट आणि चोचीच्या मुळाशी एक फिकट ठिपका, हे गोंधळायला होतं तिथे घाई करू नका, तोंड वळवेपर्यंत थांबा. गडवालच्या पंखात पांढरा चौकोन आणि मादीच्या चोचीच्या कडा नारिंगी. लालसरीचं कपाळ उतरतं आणि शेपटी पाण्याला लागलेली, बसताना खोल बसते. हळदी-कुंकू तर वर्षभर आपल्याकडेच असतं, चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी लाल ठिपके, नावच सांगतं. काणूक म्हणजे कापशी बदक बघायला विसरू नका, इवलंसं पांढरट बदक, झाडाच्या ढोलीत घरटं करतं, तुमच्या पाळीवरच्या जुन्या मोहांना ढोल्या असतील तर पावसाळ्यात तिथेच पिल्लं निघत असतील.

एका दुर्बिणीचं असं करा, चार-चार मुलांचे गट करा, एका गटाकडे दुर्बीण, एक गट नुसता मोजणार, एक आवाज आणि वागणं लिहिणार, एक पाण्याचा नकाशा काढणार, मग पाळी बदला. मोजताना दहा पक्षी नीट मोजा, तेवढी जागा डोळ्यात धरा आणि तशा किती जागा ते मोजत जा, मुलं हे मोठ्यांपेक्षा पटकन शिकतात. भडक कपडे नकोत, आणि फोटोसाठी कोणी थवा उडवला तर तिथेच थांबवा. हजारो किलोमीटर उडून आलेलं बदक दिवसा विश्रांती घेत असतं, चारदा उडवलं की त्याचं खाल्लेलं सगळं त्यातच जातं.

गुरुजी_साकोली

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. शनिवारी वरचं टोक बघून आलो, चांगला कासराभर रुंद चिखल उघडा पडलाय, म्हणजे आपलाच तलाव. संस्थेच्या अध्यक्षांना भेटलो, त्या रविवारी जाळं नाही म्हणाले, आणि स्वतः दुपारी मुलांशी बोलायला येणार आहेत. एकच राहिलं, मुली विचारतात सारस दिसेल का? लहानपणी आजोबांनी पाहिले होते म्हणतात.

पाणकाठ_भंडारा

सारस महाराष्ट्रात आता मुख्यतः गोंदिया आणि थोडे आपल्या भंडाऱ्यातच उरलेत. पावसाळ्यात धानाच्या बांधीतच घरटं करते, बहुतेक दोन अंडी. तुमच्या तलावावर दिसेलच असं नाही, पण सकाळी बांध्यांकडे नजर टाकत राहा, माणसाएवढा उंच राखाडी पक्षी, डोकं-मान लाल, जोडी असते आणि यंदाचं पिल्लू असेल तर दोघांच्या मधात चालते. दिसले तर लांबूनच बघा आणि जागा इंटरनेटवर टाकू नका, वनखात्याला मात्र कळवा. आणि नाही दिसले तर मुलींना त्याच आजोबांकडे पाठवा, कुठल्या बांधीत, कोणत्या सालापर्यंत दिसत होते ते वहीत लिहून आणायला सांगा. ती नोंद फार कामाची आहे.

गुरुजी_साकोली

झाला दिवस! पोरं अजून तेच बोलून राहिलीत. सकाळी धुकं होतं, काहीच दिसत नव्हतं, फक्त अडयांच्या शिळा डोक्यावरून, आणि एकही पोरगं बोललं नाही. ऊन आल्यावर थापट्या, चक्रांग, हळदी-कुंकू, गडवाल, पाळीकडे लालसरी आणि वारकरी, चिखलावर शेकाट्या आणि तुतारी, उघड्या चोचीचे करकोचे गोगलगाई खाताना. साडेअकराच्या सुमारास भोवत्या आला आणि सगळं पाणी उठलं, आठवीतल्या एका मुलीने धावत उठणारी आणि सरळ उठणारी वेगळी मोजून दाखवली. काणूक दिसलं, शिंगाड्यात सहा. सारस नाही, पण तीन आजोबांकडून नोंदी आल्यात. अध्यक्ष काका दोन तास बसले, मुलांनी त्यांना उठूच दिलं नाही.

एक पक्षी मात्र ओळखू आला नाही. शिंगाड्याच्या पानांवर चालत होता, लांब बोटं, वरून तपकिरी, खालून पांढरा, डोळ्यापासून मानेच्या बाजूने काळी रेघ छातीपर्यंत उतरलेली. कमळपक्षी म्हणावा तर शेपटी लांब नव्हती.

तुतारी_नागपूर

गुरुजी वा! वाचून फार आनंद झाला. तो पक्षी उडाला तेव्हा पंख कसे होते, पांढरेशुभ्र की काळपट?

गुरुजी_साकोली

पांढरे, एकदम पांढरे, पोरं ओरडलीच तेव्हा.

तुतारी_नागपूर

मग तो लांब शेपटीचा कमळपक्षीच, हिवाळी वेषातला. पावसाळ्यात मानेमागे सोनेरी आणि ती लांब काळी शेपटी असते, घरटं झालं की दोन्ही जातं. दुसऱ्या जातीचं, कांस्यपंखी कमळपक्ष्याचं पिल्लूही असंच खालून पांढरं दिसतं, पण त्याच्या छातीवर ती काळी रेघ नसते आणि पंख उडताना गडद दिसतात, म्हणून विचारलं. मुलांना हेही सांगा की ह्या पक्ष्यात अंडी नर उबवतो आणि पिल्लंही तोच सांभाळतो, मादी दुसऱ्या नराकडे जाते. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच शिंगाड्यात पानांवर अंडी दिसू शकतात, काकांना लक्ष ठेवायला सांगा.

आणि गुरुजी, मुलांच्या वहीतली यादी ई-बर्डवर म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, वेळ, किती चाललात आणि आकडे सकट. आशियाई पाणपक्षी गणना दरवर्षी जानेवारीत असते, १९८७ पासून चालू आहे, तिच्यात गावतलाव फारच कमी मोजले जातात. तुमच्या मुलांना दहा-दहाचं मोजणं आता येतं, तर जानेवारीत हाच तलाव गणनेत घ्या, पाहिजे तर मी फॉर्म भरायला मदत करते. पाण्याची पातळी लिहायला विसरू नका, पाळीवर चुन्याची एक खूण करून ठेवा म्हणजे पुढच्या नोव्हेंबरला त्याच खुणेवरून मोजता येईल.

डोंगा_जाळं

खूण पाळीवर नको ताई, पाळ खचते. सांडव्याच्या दगडावर करा, तो हलत नाई.